शॅडो ऑफ द एर्डट्री: दीडशे लेव्हलचा माणूस दारातच का मरावा?

जनकगंजचा टार्निश्ड, ग्वाल्हेर

मामा-भाच्याचं एक भांडण इथे आणून टाकतोय. घरात ते ऐकायला तिसरं कुणी तयार नाही. दिवसभर मी मेडिकलवर बसतो, आणि खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसाशी व्हिडिओ गेममधल्या मोगबद्दल काय बोलणार!

भाचा यंदा बारावीला. एल्डन रिंग हा गेम माझ्याच मशीनवर शिकला. त्यातले बॉस रादान आणि मोग पाडले, त्या कोषातून लोंबणाऱ्या वाळक्या हाताला हात लावला आणि एकदाचा लँड ऑफ शॅडोमध्ये, म्हणजे शॅडो ऑफ द एर्डट्री या विस्ताराच्या भूमीत उतरला. लेव्हल दीडशेच्या वर, कमरेला रिव्हर्स ऑफ ब्लड तलवार, तीही शेवटपर्यंत वाढवलेली. उतरल्या उतरल्या पश्चिमेकडच्या एका बेनाम समाधीत शिरला. आत ब्लॅकगोल नाइट. ज्यांना ठाऊक आहे ते आताच हसले असतील. थोराड तलवार, दुसऱ्या हातात धडाधड बाण सोडणारा क्रॉसबो, आणि समोरच्याला श्वास घेऊ न देण्याची सवय. भाचा दोन फटक्यांत आडवा. पुन्हा गेला, पुन्हा आडवा. मग खुर्ची मागे ढकलून म्हणतो, "मामा, ही लबाडी आहे. इतके महिने घासून कमावलेली लेव्हल यांनी दारातच काढून घेतली. मग कमावली कशाला?"

ज्यांनी विस्तार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आत गेल्यावर तुमची लेव्हल असते तशीच राहते, पण शत्रू असे जोरदार की ती पुरत नाही. तिथे वेगळी शिडी आहे. स्कॅडूट्रीचे तुकडे शोधायचे, ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसून ते वापरायचे, ब्लेसिंग एकेक पायरी वाढवायचं. सगळे मिळून ५० तुकडे, वरची पायरी २०. वर पोहोचलात की तुमचा मार जवळपास दुप्पट होतो आणि तुम्हाला लागणारा जवळपास निम्म्यावर येतो. हे फक्त त्या भूमीत. बाहेर आलात की होतात तसेच.

विस्तार २१ जून २०२४ ला आला तेव्हा मीही पहिल्याच रात्री बसलो होतो. ग्वाल्हेरचा जून म्हणजे रात्री अकरालाही भिंती भाजतात. कूलरचा आवाज एवढा की बॉस कधी ओरडला, कधी दम घेतला काही कळायचं नाही. कानात हेडफोन घालावेत तर घाम. सांगायचा मुद्दा, मीही चिडूनच खेळत होतो आणि तेव्हा नुसता मीच चिडलेला नव्हतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर खेळाडूंचा शेरा पडला होता 'मिश्र'. प्रकाशकांना जाहीर आठवण करून द्यावी लागली की बाबांनो, ब्लेसिंग वाढवा. आणि आठवड्याच्या आत १.१२.२ चा पॅच, म्हणजे दुरुस्ती आली, त्यात सुरुवातीच्या पायऱ्यांचा जोर वाढवला.

मला भाच्याचं म्हणणं पटत नाही, पण सबंध खोडताही येत नाही. म्हणून विचारतो. विस्तारात कुणी नव्वदच्या लेव्हलने येणार, कुणी अडीचशेच्या. दोघांसमोर बॉस एकच. आमच्या धंद्यात डोस वजन बघून ठरतो. इथे वजन न बघता सगळ्यांना एकच गोळी द्यायची आहे आणि ती कुणाला कमी पडू नये, कुणाला चढूही नये. तुकडे हे त्यावरचं बरोबर उत्तर आहे का? आणि जुन्या विस्तारांनी ही अडचण कशी सोडवली होती, का सोडवलीच नव्हती?

'गिट गुड' (आधी नीट खेळायला शिका) लिहिणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

मारियाचं घड्याळ, सुदामा नगर, इंदूर

दादा, मी भाच्याच्या बाजूने.

एल्डन रिंग बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच ब्लडबॉर्नचा ओल्ड हंटर्स हा विस्तार आठवा, नोव्हेंबर २०१५. व्हिकर अमेलिया या बॉसला मारलंत की स्वप्नातल्या त्या पिटुकल्या मेसेंजरांकडून डोळा मिळतो. ओडॉन चॅपेलच्या डावीकडच्या दाराने बाहेर पडायचं, न दिसणारा हात तुम्हाला उचलतो आणि तुम्ही हंटर्स नाइटमेअरमध्ये. बस. कुठला वेगळा तुकडा नाही, वेगळी शिडी नाही. अमेलियानंतर लगेच गेलात तर तिथला बॉस लुडविग तुम्हाला चिरडून टाकतो. मग काय करायचं? मागे फिरायचं. मूळ खेळात अजून निम्मं जग शिल्लक आहे, तिथे जा, हत्यार वाढवा, रक्ताचे दगड गोळा करा, परत या. माझी लेव्हल, माझं हत्यार, माझा निर्णय. विस्तार त्या खेळाच्या अंगातलाच वाटतो. शिवून लावलेली बाही वाटत नाही.

एर्डट्रीत मात्र त्यांनी माझ्याकडचं सगळं असून नसल्यासारखं केलं. माझं पात्र म्हणजे फेथची, मंत्रांवर लढणारी बाई, दोन वर्षं तिला घडवली. आत शिरल्यावर पहिल्या साध्या शिपायाने अर्धं रक्त नेलं. हे 'अवघड' नव्हे. माझा हिशेब रद्द करून नवा हिशेब मांडायला लावणं झालं.

आणि मोगचं दार! विस्तार आला तेव्हा स्टीमवरच्या निम्म्या खेळाडूंनीसुद्धा मोग पाडलेला नव्हता. गोष्टीसाठी मिकेलाचा कोष तिथे आहे, मान्य. पण माझ्या धाकट्या बहिणीने विस्तार विकत घेतला आणि तो महिनाभर कुलपातच होता. रक्ताच्या तळ्यातून, कावळ्यांमधून, वर चढून मोगपर्यंत जायचं, मग तो मोजणी करत तुमच्या अंगातलं रक्त उडवणार. विकत घेतलेल्या वस्तूच्या दाराशी एवढा पहारा कशाला?

दांडिया बाजार रोल, वडोदरा

तुम्ही लोक वाचत नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे. तुकडा पहिल्यांदा मिळतो तेव्हाच स्क्रीनवर लिहून येतं काय करायचं. भाच्याला सांगा:

मॅपवर मिकेलाचे क्रॉस आहेत, तिथे जा. बहुतेक ठिकाणी तुकडा आहे. डोक्यावर मडकं घेऊन बसलेली सावलीसारखी माणसं दिसतील, त्यांना सोडू नका. पाणघोडे दिसले की मारा. चर्चमधल्या मारिकाच्या मूर्तीपाशी बघा. शॅडो कीपमध्ये तर ढीगभर आहेत.

बॉस रेलानाला हात लावण्याआधी तीन-चार पायऱ्या सहज होतात. ब्लॅकगोल नाइटला सध्या राम राम करा, तो पळून जात नाही. झालं सोल्युशन, एवढी फिलॉसॉफी नको.

जनकगंजचा टार्निश्ड

@दांडिया बाजार, भावा, यादी भाच्याला दाखवली. सोल्युशन कळलं, पण प्रश्न तो नव्हता.

@ताई, तुमचं उत्तर वाचून मला माझंच म्हणणं जरा नीट दिसलं. तुम्ही म्हणता ओल्ड हंटर्समध्ये शिडी नव्हती. होती की. मूळ खेळ हीच शिडी होती. अमेलियाच्या वेळेला तुमचं हत्यार अर्धवट वाढलेलं असतं, लेव्हलचा प्रत्येक आकडा हाताला जाणवतो, म्हणून 'मागे फिरा आणि परत या' याला अर्थ आहे. त्यांच्याच डार्क सोल्सचा आर्टोरियस हा विस्तारही तसाच. डार्करूटमधला हायड्रा मारायचा, सोनेरी गोलेममधून डस्कला सोडवायची, मग ड्यूक्स आर्काइव्ह्जमध्ये जाऊन दुसऱ्या एका गोलेमकडून तुटलं पेंडंट आणायचं. आपण होऊन हे शोधून काढणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. पण दार उघडतं ते खेळाच्या मध्यावर. वाढायला जागा असते.

आता एल्डन रिंगकडे बघा. मोग पाडलेल्या माणसाकडे वाढायचं काय शिल्लक असतं? हत्यार +२५ किंवा +१०, त्याच्या पुढे जात नाही. ताकद, फेथ, जे काही असेल ते ८० च्या आसपास पोहोचलं की पुढचा प्रत्येक आकडा नावापुरता. व्हिगर, म्हणजे जीव, ६० नंतर तसंच. लेव्हल म्हणायला ७१३ पर्यंत चढते, पण दीडशेनंतरचे रून्स (लेव्हल वाढवायची कमाई) म्हणजे विहिरीत दगड टाकणं. भाचा म्हणतो 'लेव्हल काढून घेतली'. अरे, ती आधीच संपली होती. त्यांनी नवी शिडी ठेवली नसती तर आत वाढायला काहीही नव्हतं आणि पहिल्या बॉसपासून शेवटच्यापर्यंत एकसारखाच माणूस लढला असता.

म्हणजे ताई, तुमच्या दोन तक्रारी मला एकच वाटतात. दार शेवटाला ठेवलं, म्हणून तुकडे आणावे लागले. दार गॉड्रिक या सुरुवातीच्या बॉसनंतर असतं तर तुकड्यांची गरज पडली नसती. दोष द्यायचा तर दाराच्या जागेला द्या.

कुणी म्हणेल, डार्क सोल्स तीनच्या रिंग्ड सिटी विस्ताराचं दारही शेवटाला होतं, तिथे कुठे तुकडे होते? बरोबर. पण ती वाट सरळ होती. तुम्ही देवदूतांच्या माऱ्यातून येणार, मग दलदल, मग शहर. कोण कुठून येईल हे त्यांना पक्कं माहीत. म्हणून ड्रॅगन मिडीरला ढीगभर रक्त देऊन मोकळे झाले. एर्डट्रीत मी दक्षिणेच्या किनाऱ्याकडे भटकून येईन, तुम्ही थेट शॅडो कीपला जाल. मैदान मोकळं सोडलं की मोजमाप कशावर तरी ठेवावंच लागतं, त्यांनी ते भटकण्यावर ठेवलं. हा विचार तसा नवा नाही, त्यांच्याच सेकिरो या खेळातली अटॅक पॉवर अशीच होती. तिथे लेव्हल नाहीच, बॉसची आठवण वापरली की जोर वाढतो, आणि सेकिरोबद्दल असली तक्रार कुणी करत नाही, कारण तिथे तुम्ही काही घेऊन आलेलेच नसता.

नेमका रोलर

लेव्हल १, ब्लेसिंग ०, हातात सोटा. लोकांनी सगळा विस्तार असा संपवलाय. आणि इथे निबंध चाललेत 😂

बागेतला काका, पुणे

रोलरभाऊ, त्या लोकांना माझा नमस्कार. माझं वय अठ्ठावन्न आणि उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. माझ्यासाठी हा खेळ कुठून उघडतो ते सांगतो.

लोक म्हणतात फ्रॉमसॉफ्टवेअर सोपं-मध्यम-अवघड असा पर्याय देत नाही. तिथले दिग्दर्शक मियाझाकींनी विस्ताराच्या वेळच्या मुलाखतींत सांगितलं होतंच, सगळ्यांना खेळता यावं म्हणून अवघडपणा उतरवत गेलो तर खेळच मोडेल. ठीक. पण एल्डन रिंगमध्ये पर्याय आहे, फक्त मेनूत नाही. मिमिक टिअर, म्हणजे आपलीच नक्कल असलेला मदतनीस आत्मा, बोलावली की बॉसचं लक्ष दोघांत वाटलं जातं, मला बाटली प्यायला वेळ मिळतो. विस्तारात तर असल्या मदतनीस आत्म्यांसाठीही वेगळं ब्लेसिंग आहे, रिव्हर्ड स्पिरिट अॅश. माझं ते आधी भरतं. हे सोपं करणं आहे का? आहे. मला लाज नाही.

लाइज ऑफ पी या दुसऱ्या एका अशाच खेळाच्या लोकांनी दुसरी वाट धरली. २०२५ च्या जूनमध्ये ओव्हर्चर हा विस्तार आला, त्याच वेळी अवघडपणाचे तीन पर्याय दिले. विस्ताराचं दार नवव्या प्रकरणात, म्हणजे तेही शेवटाकडेच. मी मधला पर्याय घेऊन खेळलो आणि आनंदाने खेळलो. खेळ मोडलेला मला तरी दिसला नाही. उलट ज्याला पूर्ण मार खायचा त्याला तो खायला मिळतोच आहे.

आणि तुमच्या भाच्याला एक उपयोगाची गोष्ट. एल्डन रिंगमध्ये पॉज नाही असं सगळे म्हणतात. ऑफलाइन असाल तर मेनू उघडून त्यातलं 'मेनू एक्स्प्लनेशन' दाबा, खेळ थांबतो. सौ. हाक मारते तेव्हा मी तेच करतो. सेकिरोत सरळ पॉज आहे, तरी तो अवघडच. पॉज न देण्याने अवघडपणा वाढतो असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरी कुणी हाक मारत नसावं.

मारियाचं घड्याळ

काका 😀

@जनकगंज, दाराचा मुद्दा मानला. दाराच्या जागेवरून शिडी आली, हे असं जोडून मी बघितलं नव्हतं. पण मग मला सांगा, शिडी आणायचीच होती तर ती एवढी कोरडी का? तुकडा म्हणजे एक आकडा. गोळा केला, ग्रेसपाशी बसले, आकडा वाढला. त्यात मला काहीही दिसत नाही, काहीही वेगळं करता येत नाही. बॉस मेस्मरसमोर मी ब्लेसिंग ८ ने गेले की १२ ने, लढाई तीच, फक्त किती फटक्यांत मरायचं ते बदललं. विस्ताराने खरं नवं दिलं ते हत्यारांत. आठ नव्या जाती! हातघाईच्या मुठी, उलट्या पकडीच्या तलवारी, अत्तराच्या बाटल्या, ढालीने भोसकणं. त्यांनी माझी बाई पुन्हा नवी केली. मग शिडीही तशी का नाही?

जनकगंजचा टार्निश्ड

इथे मात्र मी तुमच्याबरोबर, आणि याचं उत्तर त्यांच्याच घरात होतं. डार्क सोल्स दोन.

हो, हो, तोच. अॅडॅप्टेबिलिटी नावाचा आकडा वाढवल्याशिवाय रोलला (गडगडून मार चुकवण्याला) अर्थ नसणारा, लोकांनी वाळीत टाकलेला. पण २०१४ चे त्याचे तीन मुकुटांचे विस्तार, त्यातला शेवटचा आयव्हरी किंग, अजून एकदा खेळा. एलियम लॉइस हे शहर पहिल्यांदा जाता तेव्हा बर्फाने गोठलेलं असतं. दारं बंद, पेट्या बंद, काही शत्रू नुसते पुतळे. बॉस आवाला हरवलं की वादळ उतरतं आणि तेच शहर दुसरं होतं. मग शहरात विखुरलेले लॉइस नाइट शोधायचे. शोधाल तितके शेवटच्या लढाईत तुमच्यासोबत त्या जळत्या खड्ड्यात उडी मारतात. खाली शत्रू ओतणारी दारं असतात. तुमचा एकेक नाइट एकेका दारावर स्वतःला गोठवून ते कायमचं बंद करतो. पुरेसे नाइट शोधले नाहीत तर दार उघडं राहतं आणि राजा येतो तेव्हा मागून येणाऱ्यांशीही तुम्हालाच झुंजावं लागतं.

तत्त्व तेच ना? भटकलात तर शेवट सोपा, नाही भटकलात तर अवघड. पण तिथे तुमचं भटकणं समोर उभं दिसतं, चिलखत घालून. एर्डट्रीत ते ग्रेसच्या मेनूत एका ओळीत दिसतं. मेस्मरच्या दाराशी मी कुठल्या कुठल्या चर्चमधून काय उचललं ते मला आठवत नव्हतं, फक्त आकडा आठवत होता.

(त्याच विस्तारातलं फ्रिजिड आउटस्कर्ट्सही आठवा म्हणजे माझं कौतुक जमिनीवर येईल. बर्फाच्या वादळात चार पावलांपलीकडचं दिसत नाही, मधूनच घोडे येऊन उडवतात, आणि एवढं चालून शेवटी मिळतो काय तर आवाचाच नमुना, एकाऐवजी दोन. दोघा-तिघांनी मिळून खेळायचं म्हणून बनवलं होतं म्हणतात. रात्री एक वाजता ग्वाल्हेरात माझ्याबरोबर कोण येणार होतं?)

दुसरी माझी स्वतःची तक्रार जमिनीची. तुकड्यांसाठी भटकायला लावता तर भटकण्यात काही हवं. बेल या ड्रॅगनकडे जाणारी जॅग्ड पीकची चढण घ्या, लांबच लांब आहे पण आभाळात विजा, आजूबाजूला मेलेले ड्रॅगन, वर इगॉन आरोळ्या ठोकत उभा. ती चढण मला दहा तुकड्यांपेक्षा प्यारी. आणि फिंगर रुइन्स? केवढी मोठी जागा, त्या लोंबत्या घंटेसाठी आत जायचं, वाजवायची, बाहेर यायचं. सेरुलियन कोस्टला नुसता निळा रंग बघत घोडा हाकायचा. एवढी वाट तुडवून प्रेताजवळ चमकणारी वस्तू उचलावी तर कुकबुक. मी स्वयंपाकी होणार होतो का? अॅबिसल वुड्सला तर आपला घोडा टॉरंट पाय घालायलाच तयार होत नाही, पायी जावं लागतं. पण तिथे निदान भीती आहे, आणि शेवटी मिड्रा आहे. त्यामुळे माफ.

पन्नासच्या जागी पंचवीस तुकडे, अर्धी जमीन कमी, आणि प्रत्येक तुकड्याजवळ एक लढाई किंवा एक गोष्ट. मला एवढंच पुरलं असतं.

@काका, स्पिरिट अॅशबद्दल शंभर टक्के. मी मात्र लाइज ऑफ पीच्या वाटेला तयार नाही. कारण रडकं वाटेल, पण माझ्यासमोर पर्याय ठेवला तर दुकान बंद करून दमून आल्यावर मी सोपाच दाबेन. मला ओळखतो मी.

दांडिया बाजार रोल

आता सगळे शहाणे जमलेत तर शेवटच्या बॉसचं सांगा. प्रॉमिस्ड कॉन्सॉर्ट रादान. पॅचच्या आधी तो ब्लेसिंग २० वरही कुणाला नीट मारता आला होता? दुसऱ्या फेजला सगळीकडे प्रकाशाचे खांब, स्क्रीनवर केस आणि उजेड, तलवार कुठे ते दिसतच नाही. डिझाइन म्हणायचं याला?

जनकगंजचा टार्निश्ड

नाही म्हणायचं. मी तो पॅचआधी मारलाय, त्यामुळे अंगूर खट्टे हैं असं कुणी म्हणू नये. मारला कसा ते ऐका. सगळ्यात मोठी ढाल, तिच्याआडून टोचायचं हत्यार, त्यावर रक्तस्राव. ढालीमागे उभं राहायचं आणि टोचत राहायचं. तेव्हा अर्धी दुनिया हेच करत होती. माझा सगळा खेळ दोन हातांत थोराड हातोडा धरून झालेला. तो खाली ठेवून, दुसऱ्याने सांगितलेली ढाल उचलून मी जिंकलो. आनंद झाला का? सुटका झाली.

मला वाटतं वाईट बॉसची खूण हीच. अवघड चालेल, अन्यायही थोडा चालेल, पण ज्याच्यासमोर वेगवेगळ्या वाटेने आलेले सगळे जण एकाच वाटेला लागतात तो फसला. मेस्मरला माझ्या ओळखीत कुणी हातोड्याने मारलं, कुणी जादूने, कुणी नुसतं पॅरी (वार परतवणं) करून. प्रत्येकाची मेस्मरची गोष्ट निराळी आहे. कॉन्सॉर्ट रादानची गोष्ट ज्याला विचारावं त्याची ढाल.

सप्टेंबर २०२४ च्या १.१४ पॅचमध्ये त्याच्या काही हल्ल्यांचा जोर आणि पल्ला कमी केला, उजेडही जरा आवरला. त्यावर आमच्या घरी आता नवीन भांडण आहे. काल भाच्याने ब्लेसिंग वाढवून ब्लॅकगोल नाइट पाडला, आणि आताच जाहीर करून टाकलंय की मामाचा रादान 'जुना' म्हणून धरायचा आणि स्वतःचा 'दुरुस्त केलेला', म्हणून दोघांचं बरोबरीत मोजायचं नाही. बारावीचं पोर, वकील होईल.

मारियाचं घड्याळ

ढालीचं अगदी खरं. मी फेथवाली, तरी शेवटी ढालच. पण १.१४ नंतर बहिणीने त्याला तिच्या अत्तराच्या बाटल्यांनी मारला, मी शेजारी बसून बघत होते. म्हणजे दुरुस्ती लागली. फक्त सोपं केलं असं नाही, वाटा परत उघडल्या.

तरी माझा पहिला क्रमांक अजून ओल्ड हंटर्समधल्या बॉसचा, ऑर्फन ऑफ कॉसचाच. तिथे कुणी काही दुरुस्त केलं नाही आणि कुणी मागितलंही नाही.

बागेतला काका

ऑर्फन मी यूट्यूबवर पाहिला. तेवढं पुरे.

दांडिया बाजार रोल

एक लास्ट. मी आता एनजी प्लस (तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून) सुरू करतोय त्याच कॅरेक्टरवर. ब्लेसिंग राहतं ना? का पन्नास तुकडे परत पाणघोड्यांच्या मागे फिरून गोळा करायचे?

जनकगंजचा टार्निश्ड

ब्लेसिंग राहतं, निश्चिंत जा. आतले शत्रू मात्र त्या हिशेबाने तगडे झालेले असतील. आणि दार परत बंद, हं. रादान आणि मोग दोघांनाही पुन्हा पाडावं लागतं, तेव्हा तो हात पुन्हा हाताला लागेल. रक्ताच्या तळ्यातले कावळे तुझी वाट बघतायत. जाता जाता तळ्यापलीकडे बसलेल्या त्या मोठ्या पक्ष्याला कड्याच्या अलीकडून बाण मार, तो दरीत पडतो आणि रून्स मिळतात. दीडशेनंतर रून्सचा काय उपयोग ते वर लिहिलंच आहे, पण बघायला मजा येते.